शुद्ध, उत्तम आणि रुपेरी

फ्रेंच भाषेत 'ब्लेरो' असा एक शब्द आहे. त्याचा पहिला अर्थ बॅजर: बिळे खणून राहणारा, आखूड पायांचा, तोंडावर काळेपांढरे पट्टे वागवणारा निशाचर प्राणी. दुसरा अर्थ दाढीचा ब्रश. ज्या केसांचा ब्रश होई त्यांच्या मूळ धन्याचे नाव ब्रशाला लागले, आणि पुढे ब्रश डुकराच्या केसांचा असो की नायलॉनचा, तो ब्लेरोच राहिला. लक्षणा शिकवताना गंगेवरच्या वस्तीचे उदाहरण देऊन जे प्राध्यापक कंटाळले असतील त्यांनी हे वापरून पाहावयास हरकत नाही. मुख्यार्थाचा बाध आहे, कारण सकाळी उठून कोणी गालावर जनावर फिरवीत नाही. मुख्यार्थाशी संबंध आहे. आणि रूढी तर आहेच. रूढीने मुख्यार्थ इतका झिजला आहे की न्हाणीघरात उभ्या असलेल्या फ्रेंच गृहस्थाच्या मनात तो शब्द उच्चारताना कोणताही प्राणी येत नसावा. इंग्रजीत याच प्राण्याच्या नावाचे क्रियापद झाले आहे. त्याचा अर्थ पिच्छा पुरवणे, भंडावून सोडणे. बॅजरवर कुत्रे सोडून मजा पाहण्याचा जो खेळ इंग्लंडात चाले आणि ज्यावर १८३५ च्या कायद्याने बंदी आली, त्याची ती आठवण असल्याचे मानतात. एका भाषेने त्याचे केस ठेवले, दुसरीने त्याचा छळ. मराठीने यांपैकी काहीच ठेवले नाही. तो प्राणी आमच्या रानांत नव्हता आणि ब्रश आला तो इंग्रजी नाव घेऊनच आला.

या विषयात आम्ही शिरलो त्याचे कारण घरगुती आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, शहाऐंशी वर्षांचे आहेत. तालुक्याच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षे गणित शिकवले. गेली चार वर्षे त्यांना कंपवात आहे. उजवा हात चहाची बशी धरू शकत नाही, तेथे पाते कोठून धरणार? शिवाय रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्यामुळे एवढासा ओरखडा आला तरी तो थांबावयास वेळ घेतो. विजेचे यंत्र आणून पाहिले. त्याचा आवाज आणि थरथर त्यांना सहन झाली नाही. स्वतःच्या हाताची थरथर पुरेशी आहे, असे त्यांनी सांगितले. दाढी वाढू द्यावी असे डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा त्यांनी उत्तरच दिले नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षे पहिल्या तासापूर्वी गुळगुळीत दाढी केली त्याने आता ती वाढवणे म्हणजे त्यांच्या लेखी रजेचा अर्ज लिहून देण्यासारखे होते. म्हणून रोज सकाळी आम्ही त्यांची दाढी करतो.

फेस दोन प्रकारांनी करता येतो. एक, वाटीत ब्रश घोळवून तो तयार करावा आणि मग चेहऱ्यावर लावावा. दुसरा, साबण ओल्या ब्रशाने उचलून किंवा साबणाची कांडी थेट गालावर फिरवून, चेहऱ्यावरच तो उठवावा. वाटीतला फेस दिसावयास देखणा असतो, पण गालापर्यंत पोहोचेतो निवतो. आणि वाटीत तो छान जमला याचा अर्थ तो दाढीतही जमला असा होत नाही. म्हाताऱ्या गालांचा भूगोल अवघड असतो. गालफडांत खळगे पडलेले, गळ्याची कातडी सैल, केस एका जागी खाली वळलेले तर शेजारीच आडवे. आणि वयानुसार कातडी पातळ होत जाते तरी केस राठच राहतात. अशा ठिकाणी फेस आयता नेऊन थापणे उपयोगाचे नाही. ब्रशाने दोन-तीन मिनिटे गोलाकार फिरून केस उभे करावे लागतात, त्यांच्या मुळाशी पाणी न्यावे लागते, आणि शेवटी रंगाऱ्यासारखे सरळ फटकारे मारून फेस सारखा करावा लागतो. फेस कोठे कोरडा पडला हे तेथल्या तेथे कळते. ब्रशाचे टोक गरम पाण्यात बुडवून दोन थेंब वाढवता येतात. हे दुसऱ्या प्रकारचे काम करणारा ब्रश निवडावयाचा होता. जुना नायलॉनचा ब्रश टक्कल पडून निवृत्त झाला होता.

निवड करताना माणूस सामान्यतः एक परीक्षा वापरतो: टोचते की नाही. स्वतःच्या गालावर ती सोपी आहे. दुसऱ्याच्या गालावर आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. कपाळाला आठी पडली, ओठ मुडपला, की हात आपोआप हलका होतो. कंपवाताच्या अनेक रुग्णांत चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मंदावते, चेहरा मुखवट्यासारखा स्थिर दिसू लागतो. आनंद, चीड, वेदना आतमध्ये शाबूत असतात. बाहेर मात्र पोहोचत नाहीत. ज्या चेहऱ्यावर आम्ही ब्रश फिरवत होतो तो चेहरा आम्हास काहीच सांगत नव्हता. विचारले, "अण्णा, टोचतंय का?" तर उत्तर ठरलेले: "चालू दे." ज्याने आयुष्यभर कोणाकडून सेवा करून घेतली नाही तो आता तक्रार करणार नाही, हे आम्ही ओळखून होतो. तेव्हा चेहऱ्यावाचून आणि शब्दावाचून, निव्वळ वस्तूच्या गुणांवरून ब्रश निवडणे भाग होते. आम्ही या शास्त्रात गंभीरपणे उतरलो ते असे.

उतरताच पहिली ठेच लागली ती विशेषणांची. बॅजरच्या केसांच्या प्रती इंग्रजी व्यापाराने ठरवल्या आहेत आणि त्यांची नावे साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ऐकावीत अशी आहेत. सर्वांत खालच्या प्रतीचे नाव 'प्युअर', म्हणजे शुद्ध. तिच्यावरची 'बेस्ट', म्हणजे सर्वोत्तम. सर्वोत्तमाच्या वर 'सुपर' आहे! आणि सुपरच्या बरोबरीने किंवा त्याच्याही डोक्यावर 'सिल्व्हरटिप', रुपेरी टोकाची. व्याकरणात तमभावाच्या पुढे जागा नसते, व्यापारात असते. शुद्ध म्हणजे केवळ भेसळ नसलेले, आणि भेसळ नाही एवढेच ज्याच्याविषयी सांगता येते ते अर्थातच तळाला. शिवाय या नावांमागे सर्वांना बांधणारे कोणतेही प्रमाण नाही. केस किती बारीक, टोक किती फिके, मधला काळा पट्टा किती रेखीव, हे पाहून प्रत्येक कारखानदार आपापली प्रत आपणच ठरवतो. एकाचा 'बेस्ट' दुसऱ्याच्या 'सुपर'ला भारी पडू शकतो. रुपेरी टोके काही वेळा निसर्गाची असतात, काही वेळा रंग उडवून आणलेली. आणखी एक प्रत 'मांचुरियन' म्हणून ओळखली जाते; ती दाट, ताठ आणि महाग असते. मराठी माणसास मांचुरियन म्हटले की कोबीचे तांबडे गोळे आठवतात, त्याला इलाज नाही.

आमच्या समीक्षेतली 'सकस', 'प्रत्ययकारी' आणि 'दर्जेदार' ही विशेषणे याहून वेगळी वागत नाहीत, हे येथे नमूद करून पुढे जातो. ती खोटी असतात असे नाही. कशासाठी सकस आणि कोणास प्रत्ययकारी, हे ती सांगत नाहीत एवढेच.

ब्रशाच्या बाबतीत 'कशासाठी' हा प्रश्न विचारताच सारी उतरंड हलू लागते. रुपेरी टोकाचा ब्रश सर्वांत मऊ, म्हणून सर्वांत वरचा. दुकानात तो कोरडा गालावर फिरवून पाहिला तर मोरपीस फिरवल्यासारखे वाटते. पण तोच उंच केसांचा, विरळ बांधलेला असेल तर भिजल्यावर त्याचा कणा जातो. गालावर थोडे दाबताच केस चहूकडे पसरतात, टोकांऐवजी त्यांच्या बाजू कातडीला घासतात, आणि राठ खुंटाच्या मुळाशी पाणी नेण्याचे काम होतच नाही. वाटीतला तयार फेस चेहऱ्यावर लावावयास असा ब्रश उत्तम. चेहऱ्यावर फेस उठवावयास मात्र टोक मऊ हवे आणि त्यामागे जोर हवा. हे दोन्ही एकत्र यावयाचे तर केसाच्या प्रतीपेक्षा बांधणी अधिक महत्त्वाची ठरते. झुबक्याचा घेर मुठीजवळ किती आणि मुठीबाहेर केसांची उंची किती, या दोहोंच्या प्रमाणात सारी मेख आहे. चोवीस मिलिमीटर घेराला पन्नासच्या आतबाहेर उंची असली तर ब्रश दाबाखाली वाकतो पण कोसळत नाही. उंची साठाकडे गेली की तो लोळू लागतो. चाळिसाकडे आली की गालावर खुंटी फिरवल्यासारखे होते. घेर अठ्ठावीस-तीसपर्यंत वाढवला तर नाकाखाली आणि ओठाच्या कोपऱ्यात ब्रश शिरत नाही, फेस नाकपुड्यांत जातो, आणि ज्याला गिळण्याचा त्रास आहे त्याला ठसका लागतो. अतिदाट झुबक्याचा आणखी एक दोष असा की तो फेस स्वतःच्या पोटात साठवून बसतो. मूठ पिळल्याखेरीज देत नाही. अशा संपादकांचा अनुभव आमच्या वाचकांपैकी अनेकांस असेल.

झुबक्याचा आकारही पाहावा लागतो. पंख्यासारखा उघडलेला झुबका मोठ्या गालावर भराभर फिरतो. दिव्याच्या काचेसारखा, टोकाशी गोल मिटलेला झुबका खळग्यांत आणि हनुवटीखाली नेमका जातो. खळगेच खळगे असलेल्या चेहऱ्याला दुसरा बरा. केसांवर दोन पट्टे दिसतात की तीन, याचाही लोक काथ्याकूट करतात: फिके टोक आणि काळा पट्टा असे दोनच दिसणारे केस बहुधा अधिक ताठ, आणि मुळाशी पुन्हा फिका भाग दिसणारे तीनपट्टी केस बहुधा अधिक मऊ. 'बहुधा' हा शब्द येथे सैलपणाने घातलेला नाही.

डुकराच्या केसांची गोष्ट उलटी. कोरडे असताना ते झाडूसारखे लागतात. काही मिनिटे पाण्यात भिजवले की ते पाणी पितात, नरम होतात, आणि महिना-दोन महिने वापरल्यावर प्रत्येक केसाचे टोक फाटून त्याला सूक्ष्म फाटे फुटतात. तेव्हा कोठे ब्रश रुळला असे म्हणतात. दुकानातली कोरडी परीक्षा दोघांविषयीही फसवी: जो तेथे सर्वांत मऊ तो न्हाणीघरात नेभळट निघू शकतो, आणि जो तेथे राठ तो दोन महिन्यांनी मायाळू होतो. पहिल्या वाचनावर मत देणाऱ्यांस आम्ही हे सांगत असतो. ते ऐकत नाहीत.

आमचा भाचा जर्मनीत, सॅक्सनीमध्ये नोकरी करतो. तेथील एर्ट्सगेबिर्गे डोंगररांगेत ब्रश बांधण्याचा धंदा जुना आहे. श्ट्युट्सनग्र्यून नावाच्या गावात 'म्यूले' हा कारखाना १९४५ पासून चालू आहे. भाचा डिसेंबरात आला तेव्हा तीन ब्रश घेऊन आला. "मामा, तिन्ही वापरून बघा. जो आजोबांना चालेल तो ठेवा, बाकीचे मी परत नेतो," असे त्याने सांगितले. एक रुपेरी टोकाचा, उंच आणि राजबिंडा. दुसरा त्याने स्वतः दोन वर्षे वापरलेला, बॅजरच्याच 'बेस्ट' प्रतीचा, चोवीस मिलिमीटर घेराचा आणि बुटका. तिसरा कृत्रिम धाग्यांचा. या तिसऱ्याकडे पाहून कोणीही त्याला बॅजर म्हटले असते: टोके पांढरी, मध्ये काळा पट्टा. पॉलिएस्टरच्या जातीचा धागा टोकाकडे निमुळता करून जनावराच्या अंगावरचे पट्टे त्यावर रंगवले होते.

या रंगवलेल्या पट्ट्यांनी आम्हास एक जुनी आणि भयंकर नक्कल आठवली. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रशासाठी लागणारे पुष्कळसे केस रशियाकडून येत आणि जर्मनीत व फ्रान्समध्ये त्यांचे निर्जंतुकीकरण होई. युद्धाने ती वाट तुटली. मागणी मात्र वाढली, कारण लाखो सैनिकांना दाढी करावी लागे. तेव्हा आशियातून घोड्याचे केस आले, बॅजरसारखे दिसावेत म्हणून रंगवले गेले, आणि त्यांपैकी काहींबरोबर अँथ्रॅक्सचे, म्हणजे संसर्गजन्य काळपुळीचे जंतूही आले. पात्याने झालेल्या सूक्ष्म जखमांवर तो ब्रश फिरे. ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांत व नागरिकांत मिळून दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांतले अनेक दगावले. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. खंदकात राहणाऱ्या माणसास तोफेची भीती बाळगण्याची सवय होती. साबणाच्या फेसाची नसावी. तेव्हाची नक्कल शुद्ध केसांची गरज सिद्ध करून गेली. 'शुद्ध' हा शब्द त्या धंद्यात इतका लाडका का, याचे एक उत्तर कदाचित येथेच असेल.

आता अस्सल केस कोठून येतात ते पाहावयास हवे. ब्रिटनमध्ये बॅजरला १९७३ पासून कायद्याचे संरक्षण आहे. १९९२ चा कायदा त्याच्या बिळांनाही संरक्षण देतो. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ मधल्या 'द विंड इन द विलोज' या पुस्तकात बॅजर हा रानातल्या उबदार घराचा वडीलधारा मालक आहे. थंडीत वाट चुकलेल्यांना तो शेकोटीपाशी बसवतो. ते पुस्तक मुलांना वाचून दाखवणारा बाप सकाळी बॅजरच्या केसांनी दाढी करीत असे, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे, कारण ते केस त्याच्या रानातल्या बॅजरचे नसत. आज जगातले बहुतांश बॅजरचे केस चीनमधून येतात. २०१८ मध्ये 'पेटा' या प्राणिहक्क संघटनेने तेथील पिंजऱ्यांची आणि फासे लावून होणाऱ्या शिकारीची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यानंतर काही मोठ्या विक्रेत्यांनी बॅजरचे ब्रश विकणे थांबवले. घोड्याची आयाळ आणि शेपूट कापता येते, घोडा उभाच राहतो. डुकराचे केस खाटिकखान्यातून उरतात. बॅजरचे केस मात्र बॅजर मेल्यावाचून मिळत नाहीत. आपण परदेशांकडे बोट दाखवावे असेही नाही. आमच्या चित्रकार मित्रांच्या तरुणपणी चांगला कुंचला म्हणजे मुंगसाच्या केसांचा, हे गृहीतच असे. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येत असूनही त्या केसांचा चोरटा व्यापार पुढे कित्येक वर्षे चालला.

हे सारे ठाऊक झाल्यावरही आम्ही तिन्ही ब्रश वापरले, कारण प्रश्न अण्णांच्या गालाचा होता आणि त्या गालाविषयी अहवालात काही लिहिलेले नव्हते.

पाच-पाच दिवस एकेक ब्रश. रुपेरी टोकाचा ब्रश अपेक्षेप्रमाणे लोळला. गळ्यावर फेस दिसे, पण खाली केस कोरडेच, आणि पाते अडे. त्याला आम्ही आदराने बाजूस ठेवले. बुटक्या बॅजरने मात्र आम्हास जिंकले. ऊन पाण्यातून काढून हलकेच झटकला की केसांच्या दाटीत पाणी टिकून राही, आणि ऊबही. तिसऱ्या मिनिटालाही गालावर ती ऊब जाणवे, हे आम्ही स्वतःच्या गालावर ताडून पाहिले. टोके मऊ, मागचा कणा खंबीर. उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत बोअरचे पाणी येते आणि त्या जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी साका होतो. पाणी आधी उकळून निववले की जडपणा थोडा कमी होतो, आणि अशा पाण्यातही या ब्रशाने फेस उभा केला. कृत्रिम धाग्याचा ब्रश यापेक्षा वेगळा वागला. धागा पाणी पीत नाही, म्हणून थोड्या साबणात भसकन फेस येतो. पण ऊब लवकर जाते, आणि ब्रशाला एक उसळी असते, दाब सोडताच तो स्प्रिंगेसारखा परत येतो व फेसाचे शिंतोडे चष्म्यावर. हात शिकेपर्यंत दोन दिवस गेले. टोकांचा मऊपणा मात्र जवळजवळ बॅजरइतकाच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कृत्रिम ब्रशांशी याचे नाते नावापुरते आहे.

अण्णांच्या चेहऱ्यावर या पंधरा दिवसांत काहीही उमटले नाही. आम्ही मग दुसरी खूण शोधली. ब्रश फिरत असताना त्यांचा डावा, कमी थरथरणारा हात खुर्चीच्या दांड्यावर असतो. रुपेरी ब्रशाच्या दिवसांत तो दांडा धरून असे. बुटक्या बॅजरच्या तिसऱ्या दिवशी तो हात उताणा, सैल पडलेला दिसला. ही खूण आम्ही कोणास सांगितली नाही. पण निकाल लागला असे मनात धरले. शास्त्र, बांधणी, घेर, उंची, साऱ्यांनी एकच बोट दाखवले होते.

येथे एक गोष्ट सांगावयाची राहिली. अण्णा माळकरी आहेत. पंढरीची वारी त्यांनी एकोणीस वेळा केली आणि तुळशीची माळ वयाच्या बाविसाव्या वर्षापासून त्यांच्या गळ्यात आहे. गळ्याला साबण लावताना ती आम्हीच वर सरकवतो. संत सेना न्हाव्यांच्या हजामतीच्या अभंगात धोकटीतल्या साऱ्या व्यवसायाचे रूपक झाले आहे: आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा, डोक्याला चोळावयाचे पाणी शांतीचे. त्या अभंगात ब्रश नाही. आमच्याकडचा न्हावी पाणी हातानेच चोळत असे. तळहात आणि गाल यांच्यामध्ये तिसऱ्या कोणाचे केस येत नसत. अण्णा हा अभंग लहानपणी आमच्याकडून पाठ करून घेत, आणि शेवटी सेना चारही वर्णांना हात देऊन निवांत राहतो त्या जागी थांबून, हात देणे म्हणजे काय, असे विचारत. आम्ही उत्तर देत असू ते आता आठवत नाही.

सोळाव्या दिवशी आम्ही बुटका ब्रश भिजवला तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने थांबवला आणि विचारले, "हे केस कशाचे रे?"

काही तरी गोलमाल बोलता आले असते. गणिताच्या मास्तरांशी ते कधी जमलेले नाही. बॅजर म्हणजे काय ते सांगितले, रेखाटून दाखवले, केस कसे मिळतात तेही सांगितले.

ते बराच वेळ ब्रशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याची हजामत आमच्या आधीच झाली."

हा विनोद होता की नाही हे चेहऱ्यावरून कळण्याची सोय नव्हती. आम्ही विचारले, "अण्णा, मग दुसरा घेऊ का?"

"हा बरा होता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तो उड्या मारणारा घे."

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आम्ही पुष्कळ दिवस अडकून पडलो आहोत. 'हा बरा होता' हे त्यांच्या तोंडून निघालेले, त्या चार वर्षांतले पहिले सुखाचे विधान असेल, आणि ते भूतकाळात आले. त्यांनी आम्हास उपदेश केला नाही. माळेला हातही लावला नाही. जे बरे वाटते ते ओळखून, त्याला बरे म्हणून, मग ते बाजूस ठेवणे, ही क्रिया आम्ही पुस्तकांच्या बाबतीत फार क्वचित करतो. आवडलेले पुस्तक नैतिकदृष्ट्या अडचणीचे निघाले की आम्ही ते मुळात सुमारच होते असे सिद्ध करावयास बसतो. अडचण नाकारावयाची असली की त्याच्या कलागुणांची यादी वाढवतो. बॅजरचा ब्रश चेहऱ्यावर फेस करण्यास वाईट असता तर आम्हासही किती सोपे गेले असते.

भाच्याने रुपेरी ब्रश परत नेला. बुटका मात्र त्याने नेला नाही. "मामा, तो आता तुम्हालाच राहू दे, त्यातला बॅजर काही परत येणार नाही," हा त्याचा युक्तिवाद. तो तर्कदृष्ट्या पुरता समाधानकारक नाही हे आम्हास दिसते. आम्ही माळकरी नाही. त्या ब्रशाने आम्ही आमची दाढी करतो, आणि तो उत्तम आहे.

अण्णांच्या ब्रशाची उसळी आता आमच्या मनगटास सरावाची झाली आहे. ऊब लवकर जाते म्हणून मध्ये एकदा तो पुन्हा गरम पाण्यात बुडवतो, आणि शिंतोडे चुकवावयास चष्मा काढून ठेवतो. त्यामुळे त्यांचा हात दांड्यावर कसा आहे ते आम्हास नीट दिसत नाही. दोन्ही ब्रश खिडकीशी खिळ्यांना उलटे टांगलेले असतात. श्रावणातल्या दमट हवेतही त्यांचा दुपारपर्यंत वाळतो. आमचा संध्याकाळी हात लावला तरी मुळाशी ओला असतो, आणि जवळ नेला तर अजून, इतक्या साबणानंतरही, त्याला जनावराचा किंचित वास येतो.